गैरहजर माणसाचा मान

"इतिहास उघडून बघा! रक्त सांडल्यावाचून आजवर कोणालाही आपली जमीन परत मिळालेली नाही!"

एवढं बोलून निसेफोरो मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली, आणि सांडला तो लाल मिरचीचा रस्सा, तोही दोन्या लिब्रादाच्या पांढऱ्या ब्लाउजवर. दोन्या लिब्रादाने आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"जमीन मिळेल तेव्हा मिळेल, मास्तर," ती म्हणाली. "आधी मीठ आणा. डाग बसायच्या आत."

मीठ कुणाकडेच नव्हतं. सभा भरली होती टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत, आणि अशा दुकानात माणसाला लागतं ते सोडून सगळं मिळतं. दुकान मास्तरांच्या पुतण्याचं. मास्तर सीमेपलीकडे, ओआहाकाच्या डोंगरातल्या आपल्या गावी शाळेत इतिहास शिकवायचे. कॅलिफोर्नियात आल्यापासून ते लोकांच्या गाड्यांची चाकं बदलत होते, पण मूठ मात्र अजून इतिहासाच्याच तासाची होती.

एउफ्रोसिना, म्हणजे सगळ्यांची दोन्या फ्रोसी, आपल्याकडे म्हणतात तशी फ्रोसीबाई, हे सगळं एका उलट्या ठेवलेल्या टायरवर बसून बघत होती. एरवी ती हसली असती. कोमाद्रे लिब्रादाच्या अंगावर काहीही सांडलं की हसायचं, हा तिचा गेल्या वीसेक वर्षांचा नेम होता. लिब्रादाच्या धाकट्या मुलाला तिनेच बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आणि कोमाद्रे हे नातं असं असतं, की सख्ख्या बहिणीला जे बोलता येत नाही ते तिला तोंडावर बोलता येतं. पण आज हसू येत नव्हतं. सभेला येताना गाडीत लिब्रादाने सांगितलं होतं, "पोरगा म्हणतोय, ऑगस्ट संपेपर्यंत काही ठरलं नाही तर आई, तू बेकर्सफील्डला ये. खोली रिकामी आहे."

"कशी आहे खोली?"

"चांगली आहे. खिडकी आहे. खिडकीतून भिंत दिसते."

आलिसोसला दोघींची घरं पाठीला पाठ लावून होती. चाकांवरची घरं; चाकं कधीच काढून विटांवर टेकवलेली. फ्रोसीच्या स्वयंपाकघराची खिडकी लिब्रादाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, मध्ये एक हात अंतर. मीठ, कोथिंबीर, चहाड्या आणि एकदा तर आख्खी कोंबडी, सगळी देवघेव त्या अंतरातून चाले. फ्रोसीचा पहाटेचा रेडिओ तर न मागताच पलीकडे जाई. मागच्या शरद ऋतूत एका दुपारी डोंगरावरून वणवा उतरला आणि संध्याकाळपर्यंत आलिसोस नावाची वस्ती नकाशापुरती उरली. माणसं वाचली. बाकी काही वाचलं नाही.

आग तशी निःपक्षपाती होती. तिने टेकडीवरचे बंगलेही जाळले आणि खालची वस्तीही. पक्षपात नंतर आला, राख थंड झाल्यावर. टेकडीवरचे बंगले वर्षाच्या आत पुन्हा उभे राहिले, काही तर एक खोली जास्त घेऊन. आलिसोसला उभं राहिलं ते कुंपण. काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, मदतनिधीतून ती जमीन आपद्ग्रस्तांसाठी विकत घेतली आणि तीत आपद्ग्रस्तांनी शिरू नये म्हणून तिला कुलूप लावलं. पुढे काय करायचं हे ठरवायला एक पुनरुभारणी मंडळ नेमलं. मंडळाचे अध्यक्ष वेंडेल ट्रॅस्क.

ट्रॅस्कसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी आयुष्यभर पोहण्याचे तलाव बांधून विकले होते, त्यामुळे मोकळी जमीन दिसली की तीत पाणी सोडावं असं त्यांना आपोआप वाटे. आलिसोसच्या जागी त्यांना स्मृतिउद्यान हवं होतं. मधोमध कारंजं, भोवती गुलाब, आणि एका काळ्या दगडी भिंतीवर वणव्यात घरं गमावलेल्या सर्व कुटुंबांची नावं. कुटुंबं कुठे राहतील हा प्रश्न त्या आराखड्यात बसत नव्हता. भिंत फार लांब होती.

मंडळ दर मंगळवारी सकाळी दहाला बसे. मंगळवारी सकाळी दहाला हॅलोवे खोऱ्यातला आलिसोसचा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी द्राक्षमळ्यात वाकलेला असे किंवा कुणाच्या तरी बंगल्यातली फरशी पुसत असे. मग मंडळाच्या इतिवृत्तात दर वेळी एकच वाक्य येई: समाजाकडून प्रतिसाद आला नाही.

फ्रोसीने एकदा प्रतिसाद दिला होता. रोपवाटिकेतला दिवस बुडवून ती गेली. दारात एका गोड मुलीने तिच्या हातात तीन हिरव्या टिकल्या ठेवल्या आणि भिंतीवरची चित्रं दाखवली. जे आवडेल त्यावर टिकली चिकटवा. कारंज्याचं चित्र होतं, गुलाबांचं होतं, भिंतीचं होतं. घराचं नव्हतं. फ्रोसीने सगळी चित्रं नीट पाहिली, आणि तिन्ही टिकल्या कॉफीच्या यंत्रावर लावून आली, कारण त्या दालनात कामाची वस्तू तेवढी एकच होती. पुढच्या महिन्यात अहवाल आला. समाजाची पहिली पसंती: कॉफीची सोय. आराखड्यात कारंज्याशेजारी एक कॅफे वाढला.

"माझं नाव भिंतीवर कोरणार म्हणे," फ्रोसी तेव्हापासून ऐकेल त्याला सांगे. "अरे, मी मेले आहे का? मला एक भिंत नको. चार द्या. वर छप्पर घालायचं माझं मी बघते."

तर त्या रविवारी, रस्सा सांडून झाल्यावर आणि मिठाऐवजी टायर धुवायच्या साबणाने ब्लाउज आणखी बिघडवून झाल्यावर, सभा खऱ्या विषयाकडे वळली. दहा ऑगस्टला, यंदा रविवारीच, सान लोरेन्सोचा उत्सव. वस्ती असो नसो, संत ठरल्या दिवशी येतो. आणि संत आला की त्याला मानकरी लागतो.

मानकरी होणं ही काय चीज आहे हे ज्याच्यावर आलं तोच जाणे. संताची मूर्ती नऊ दिवस तुमच्या घरी मुक्कामाला. तिच्या मागोमाग गाव. रोज प्रार्थना, रोज पंगत, अंगणात वाजंत्री, आणि उत्सवाच्या दिवशी जो येईल त्याला पोटभर मोले, म्हणजे मिरची-कोकोचा दाट रस्सा. 'नाही' म्हणता येत नाही. त्यामुळे गावाकडे एक जुनी रीत आहे: सभेला जो गैरहजर, मान त्याच्या गळ्यात. ही रीत सगळ्यांना पाठ असल्यामुळे मानकरी निवडायच्या सभेला ताप आलेली माणसंसुद्धा पांघरूण घेऊन हजर राहतात.

मास्तरांनी मान उंचावून माणसं पाहिली. टायरांवर, गाड्यांच्या टपांवर, कुंपणाला टेकून, सगळे होते. एका बाईचं बाळंतपण गुरुवारी झालं होतं. ती बाळासकट आली होती.

"कोणीच चुकलं नाही," मास्तर हताशपणे म्हणाले. "अशी हजेरी माझ्या वर्गात कधी लागली नाही."

"मग कोण घेतो हौसेने?" लिब्रादाने विचारलं.

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. कुणी मेहुण्याच्या गॅरेजमध्ये राहत होतं, कुणी मोटेलच्या एका खोलीत सहा जण. संताला ठेवायचं कुठे, फ्रिजवर?

फ्रोसी टायरवरून उठली. उठायला जरा वेळ लागला, कारण टायर खोल होता.

"एक गैरहजर आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"ज्याला आपण दर रविवारी बोलावतो आणि ज्याला दर रविवारी दुसरं काम असतं. ट्रॅस्क."

आधी हशा उठला. मग हशा थोडा विचारात पडला.

"अहो दोन्या, तो आपला आहे का?" मागून एक जण ओरडला.

"हे मला काय विचारतोस? त्याला विचार. टीव्हीवर, चर्चमध्ये, शाळेच्या पटांगणात, जिथे माइक दिसेल तिथे कोण म्हणतंय, 'हॅलोवेमध्ये आपण सगळे एकच समाज आहोत'? मी म्हटलं? तू म्हटलंस? मी तर बाई असलं कधी बोलले नाही. तो बोलला. एकच समाज ना? मग त्या समाजाची सभा होती आणि तो आला नाही. रीत ती रीत."

"घर मोठं आहे त्याचं," लिब्रादा साबणाचा फेस झटकत म्हणाली. "अंगणाला उतार आहे, पण चुली बसतील."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. इतिहासात याला दाखला सापडतो का हे ते बहुधा बघत होते. "आपण त्याची चेष्टा करतोय असं नको व्हायला," ते म्हणाले.

"चेष्टा?" फ्रोसीचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की माणसं नीट बसत. "मास्तर, गावी माझ्या वडिलांना हा मान मिळाला तेव्हा ते रडले होते. अर्धं घाबरून, अर्धं आनंदाने. आपल्याकडे याच्याहून मोठं काही नाही द्यायला. ते आपण त्याला देतोय. त्याने आपल्याला तीन टिकल्या दिल्या होत्या."

हात वर झाले. बाळंतिणीने बाळाचाही हात वर केला. तो मोजायचा की नाही यावर थोडा वाद झाला.

पुढच्या रविवारी दुपारी शिष्टमंडळ टेकडी चढलं. पुढे मास्तर, हातात फुलं गुंडाळलेली काठी. मागे फ्रोसी, डोक्यावर गोड पावांची टोपली. मग लिब्रादा, मेस्काल दारूची बाटली घेऊन. दातांच्या दवाखान्यात काम करणारी फ्रोसीची थोरली लेक यादिरा, दुभाषी म्हणून. आणि शेवटी तुतारी, ढोल आणि ज्याला चढ झेपत नव्हता असा अवजड पितळी कर्णा, ट्यूबा.

ट्रॅस्कसाहेब टेनिसच्या अर्ध्या चड्डीवर बाहेर आले. वाद्यं पाहून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी लगेच बायकोला हाक मारली. "मार्जोरी, फोन आण! फोटो!"

"नीट सांग हं त्यांना," फ्रोसी लेकीला म्हणाली. "फसवून द्यायचा नाही मान. पाव घेतला म्हणजे मान घेतला. संत घरी येणार, माणसं येणार, सगळं सांग."

यादिराने सगळं सांगितलं. संत, नऊ दिवस, माणसं, पंगत. ट्रॅस्कसाहेब मान डोलावत होते आणि त्याच वेळी ट्यूबावाल्याला थोडं डावीकडे सरकवत होते, कारण त्याच्यामुळे फोटोत गुलाब दिसत नव्हते.

"साहेब, यात जबाबदारी आहे," यादिराने पुन्हा बजावलं.

"जबाबदारीला मी कधी पाठ दाखवली आहे?" म्हणत त्यांनी टोपलीतला पाव उचलला, त्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. मग छातीवर हात ठेवून, दाराशेजारी भिंतीत बसवलेल्या रंगीत अक्षरांच्या फरशीकडे एकदा नजर टाकून, त्यांना स्पॅनिशमध्ये येत असलेलं एकमेव वाक्य त्यांनी खणखणीत उच्चारलं:

"माझं घर, तेच तुमचं घर!"

ढोलावर टिपरी पडली. मास्तरांनी फुलांची काठी त्यांच्या हातात दिली. लिब्रादाने डोळे पुसले.

"काय गं, रडतेस?" फ्रोसीने विचारलं.

"अंगण बघितलंस?" लिब्रादा म्हणाली. "उतार वाटला होता तेवढा नाही."

ऑगस्ट लागला आणि संत आला. जुना सान लोरेन्सो वस्तीबरोबरच गेला होता. या संताला रोमच्या राजाने लोखंडी जाळीवर भाजून मारलं होतं. त्यामुळे आगीची त्याला सवय असावी अशी सगळ्यांची समजूत होती, पण दुसऱ्या खेपेला बिचारा प्लास्टिकचा होता. नवा कागदाच्या लगद्याचा, घाईत केलेला, आणि चेहऱ्याने बराचसा मास्तरांच्या पुतण्यासारखा. तो ट्रॅस्कसाहेबांच्या पियानोवर बसला. त्याच्यापुढे मेणबत्त्या नव्हत्या. वणव्याचा मोसम, उघड्या ज्योतीला बंदी. विजेवर लुकलुकणारे दिवे लावले होते. कायदा कुठेही मोडायचा नाही, हे फ्रोसीने सगळ्यांना दम देऊन सांगितलं होतं. "रागवायला त्यांना एकही कारण मिळता कामा नये. हे त्यांना सगळ्यात जास्त झोंबेल."

पहिल्या दिवशी संताबरोबर फक्त म्हाताऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांच्या सुना आल्या, मग सुनांच्या बहिणी. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची पिंपं गॅरेजमध्ये, जिथे कालपर्यंत उघड्या टपाची गाडी उभी असे. पाटे-वरवंटे पोहण्याच्या तलावाच्या काठावर, कारण तिथे फरशी सपाट. टर्की गुलाबांत. कामावरून सुटलेली माणसं संध्याकाळी थेट इकडे येत, हात धूत, 'मानकऱ्यांना नमस्कार' म्हणत आणि जे दिसेल ते काम उचलत. कोणी वाकडी झालेली झडप सरळ केली, कोणी गटार साफ केलं. ट्रॅस्कसाहेबांचं घर इतकं दुरुस्त कधीच नव्हतं आणि इतकं भरलेलंही.

मार्जोरीबाई चौथ्या दिवशी मिरच्या निवडायला बसल्या. बायकांच्या घोळक्यात दोन्ही भाषांचं भान न ठेवता त्या जे बोलत होत्या ते बहुतेक नवऱ्याविषयीच असावं, कारण बायका फार मनापासून हसत होत्या.

शेजारचे बंगलेवाले कुंपणावरून बघून गेले. एकाने पोलिसांना बोलावलं. पोलीस आला, गॅसच्या शेगड्या तपासल्या, विजेचे दिवे तपासले, आणि मोलेची चव तपासून गेला. आईच्या आईकडून तोही सीमेपलीकडचा, मिचोआकानचा निघाला.

सहाव्या दिवशी ट्रॅस्कसाहेब फ्रोसीला शोधत आले. ती तलावाच्या पायऱ्यांवर बसून कोको वाटत होती. साहेबांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ट्यूबाचा सराव रोज पहाटे होई. ट्यूबावाला दिवसभर मळ्यात असे, त्याला दुसरी वेळ नव्हती. यादिरा मध्ये बसली.

"बाई, मुख्य दिवशी किती माणसं येणार?"

"सगळी."

"सगळी म्हणजे?"

"आलिसोसची सगळी. भिंतीवर नावं कोरायला काढली आहेत ना तुम्ही? तीच. शिवाय त्यांचे पाहुणे. कोणी सॅलिनासहून येणार, कोणी फ्रेस्नोहून. वणव्याने पार तिकडपर्यंत फेकलीयत माणसं."

ट्रॅस्कसाहेबांनी आपल्या अंगणावरून नजर फिरवली. मका, बायका, टर्की, खुर्च्यांची चळत. आयुष्यात पहिल्यांदाच ही जमीन त्यांना लहान वाटली.

"पण इतकी माणसं मावणार कुठे?" ते कळवळून म्हणाले.

फ्रोसीने वरवंटा थांबवला. आजूबाजूच्या बायकांचेही हात थांबले.

"साहेब," ती म्हणाली, "दहा महिने आम्ही तुम्हाला हेच विचारतोय."

यादिराला हे भाषांतर करायला एक क्षण लागला. साहेबांना समजायला जरा जास्त लागला. ते तलावाच्या काठावर बूट-मोज्यांसकट पाय पाण्यात सोडून बसले.

"मी कुंपण उघडून देतो," शेवटी ते म्हणाले. "उत्सवापुरतं. आलिसोसच्या जागेवर करा. एका दिवसाची परवानगी माझ्या अखत्यारीत आहे."

"एका दिवसाने काय होणार?"

"माणसं मावतील."

"आणि दुसऱ्या दिवशी कुठे मावतील?" फ्रोसीने पुन्हा वाटायला घेतलं. "नको साहेब. उत्सव मानकऱ्याच्या घरी, ही रीत. तुम्ही इतक्या प्रेमाने घर दिलंत. त्या फरशीवर लिहिलंयसुद्धा. आम्ही इथेच बरे आहोत."

"मग काय हवंय तुम्हाला?"

"जागा. एका दिवसासाठी उघडलेलं कुलूप नको, किल्ली हवी. कायमची, आमच्या सगळ्यांच्या नावाने. घरं आम्ही बांधू, नियम आम्ही करू, कोण कुठे राहणार ते आम्ही ठरवू. तुमच्या त्या गोड पोरीने टिकल्या आणल्या तर त्याही लावू, पण चित्र आमचं."

"माझ्या एकट्याच्या हातात नाही ते. मंडळाचं मत लागतं. मंडळ बसतं मंगळवारी, सकाळी..."

"दहाला. ठाऊक आहे." वरवंटा खसाखस फिरत होता. "रविवारी बसवा. उत्सवाला सगळे रिकामे आहेत. खुर्च्या आहेत. अंगण मानकऱ्याचं आहे, भाड्याचा प्रश्न नाही."

हे ऐकून ट्रॅस्कसाहेब रागावले, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ते उठले, यात अडवणूक आहे म्हणाले, संस्कृतीचा गैरवापर आहे म्हणाले, मी तुमचा मित्र आहे म्हणाले. फ्रोसीने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसावा तसे ॲप्रनला हात पुसत ती उभी राहिली.

"मित्र आहात म्हणून तर मान दिला. मित्राच्याच घरात माणूस गर्दी करतो. परक्याच्या दारात आम्ही अंग चोरून उभे राहतो, तसे दहा महिने तुमच्या मंडळाच्या दारात उभे होतो. तेव्हा तुम्हाला आम्ही दिसलो नाही. लिहिलंत, प्रतिसाद नाही. आता हा घ्या प्रतिसाद. तुमच्या दिवाणखान्यात आहे, गॅरेजमध्ये आहे, न्हाणीघराबाहेर रांगेत आहे. हाकलायचं असेल तर हाकला. आम्ही कायदा मोडणार नाही, निघून जाऊ. पण पाव खाऊन मान टाकणारा माणूस आमच्या गावाने अजून पाहिला नाही. पहिला तुम्हीच."

यादिराने एकही शब्द मऊ न करता तो सगळा मजकूर पलीकडे पोचवला. मार्जोरीबाई हातात मिरच्यांची टोपली घेऊन दारात उभ्या होत्या.

"वेंडेल," त्या म्हणाल्या, "पाव तू खाल्लास. मी फोटो काढला आहे."

रविवारी मंडळ बसलं. नियमाप्रमाणे आगाऊ सूचना लागली होती, आणि ती पहिल्यांदाच दोन भाषांत लागली होती. सभासद गुलाबांच्या बाजूला एका रांगेत बसले, टाय आवळून. समोर आलिसोस बसलं: खुर्च्यांवर, उतारावर, तलावाच्या काठावर पाय सोडून. ट्रॅस्कसाहेबांनी प्रस्ताव मांडला. जमीन आलिसोसच्या कुटुंबांच्या सामायिक संस्थेला नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने द्यावी. सुरुवातीला त्यांनी बराच पाल्हाळ लावला, पण ऊन आणि मोलेचा वास यांनी माणूस लवकर मुद्द्यावर येतो.

चष्मा लावलेल्या एका सभासद बाईंना काळजी वाटली. "प्रक्रियेचं काय? आणि या लोकांना एवढी वस्ती चालवता येईल का? अनुभव आहे?"

मास्तर उठले. त्यांची मूठ वळलेली पाहून लिब्रादा आधीच दोन खुर्च्या मागे सरकली. पण त्यांनी मूठ उघडली आणि नुसतं अंगणाकडे हात केला. नऊ दिवसांत तीनशे माणसं इथे जेवली होती, झोपली नव्हती एवढंच. एकही चमचा हरवला नव्हता. तीन चमचे जास्तच झाले होते.

"आणि नावांची भिंत?" बाई म्हणाल्या. "दगडाची मागणी दिली गेली आहे."

"द्या की नावं," फ्रोसी जागेवरूनच म्हणाली. "दगड तोडा आणि एकेक तुकडा द्या. दारावर लावू. नाव दारावर बरं दिसतं, पत्र येतं."

मतं पडली. चष्मेवाल्या बाईंनी हात सगळ्यात शेवटी वर केला, पण केला. मग झाकणं उघडली, आणि त्यानंतर मंडळाच्या कामकाजाची कोणीही नोंद ठेवू शकलं नाही.

ऊन उतरल्यावर मिरवणूक टेकडीखाली निघाली. पुढे संत, त्याच्या मागे मानकरी ट्रॅस्क फुलांची काठी छातीशी धरून, मागे वाजंत्री, मागे सगळं गाव. कुंपणाशी साहेबांनी कुलूप काढलं आणि किल्ली फ्रोसीच्या हातात दिली. काही बोलायला गेले. तिने त्यांच्या खांद्यावर थाप मारली, तेवढं पुरलं.

आत काही नव्हतं. काळपट माती, करपलेले बुंधे, त्यांच्या बुडाशी फुटलेले हिरवे कोंब. तरी प्रत्येक जण न चुकता आपापल्या जागी जाऊन उभा राहिला. कोणी म्हणे, इथे माझा दरवाजा, कोणी म्हणे, इथे पाळणा. माणसं अशी उभी राहत गेली आणि बघता बघता मोकळ्या मैदानावर गल्ल्या दिसू लागल्या.

फ्रोसी आपल्या स्वयंपाकघराच्या जागेवर आली. एका हाताच्या अंतरावर लिब्रादा, तिच्या स्वयंपाकघरात. फ्रोसीने टेकडीकडे तोंड केलं, आणि आयुष्यात कधी नव्हे तो तिचा आवाज सगळ्या खोऱ्यात घुमला.

"ऐका रे वरचे! आम्हाला कोणी परत आणलं नाही. आम्ही आलो! आग येऊन गेली, कुंपण येऊन गेलं, कारंजं येता येता राहिलं. आता आणखी कोणाला आम्हाला इथून काढायचं असेल तर त्याने रविवारी यावं, जेवूनच जावं. आम्ही इथेच आहोत. ही माझी चूल आणि ही माझ्या कोमाद्रेची. मध्ये एक हात जागा. तेवढीच. ती इंचभरसुद्धा वाढू देणार नाही मी!"

टाळ्या पडल्या. ढोल वाजला. मास्तर डोळे पुसत होते. ट्रॅस्कसाहेबांचेही डोळे भरून आले होते, भाषांतर व्हायच्या आधीच.

तेवढ्यात लिब्रादाने तिची बाही ओढली.

"काय गं?"

"छान बोललीस," लिब्रादा हळूच म्हणाली. "फक्त एवढं कर. या वेळी तो रेडिओ पलीकडच्या भिंतीला लाव."